अर्मा लेप्कीच्या वर्गातला बारावा विद्यार्थी

लेप्की, अर्मा के. कर्मचारी क्रमांक ४०११७. हुद्दा: अर्धवेळ अधिव्याख्याता, समाजकार्य विभाग, रेड विलो विद्यापीठ, मॅनिटोबा, कॅनडा. नेमणुकीचे स्वरूप: तात्पुरते. तात्पुरत्या नेमणुकीचा एकूण काळ: सोळा वर्षे. कामाची जागा: लागू नाही. दूरध्वनी: लागू नाही. विषय: समाजकार्य ३२४०, वृद्धांसोबत गटकार्य. सदर विषय हा विद्यापीठाच्या समाजाप्रती असलेल्या बांधिलकीचा गाभा असून, नावनोंदणी बाराच्या खाली गेल्यास तो त्या सत्रापुरता अस्तित्वात नाही असे समजण्यात येईल.

विद्यापीठाच्या दप्तरातलं हे वर्णन मी शब्दशः उतरवून घेतलं आहे आणि त्यातलं एकही विधान खोटं नाही. 'कामाची जागा: लागू नाही' हे वाचून मला थोडं वाईट वाटलं खरं, कारण ती लागू नसलेली जागा अर्धी माझी आहे.

खोली क्रमांक दोनशे अठरा-ब. पूर्वी तिथे झेरॉक्सचा कागद ठेवत. आत एक टेबल, त्याला तीन ड्रॉवर. वरचा अर्माचा, खालचा माझा, आणि मधला आम्ही दोघं यायच्या आधीपासून अडकलेला. मी समाजकार्याच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. म्हणजे आकड्यांपासून लांब राहता यावं म्हणून ज्यांनी समाजकार्य निवडलं, त्यांना वाटेत गाठणं हे माझं काम. माझे वार सोमवार-बुधवार, अर्माचे मंगळवार-गुरुवार. त्यामुळे पहिली दोन वर्षं आमची भेटच झाली नाही, ओळख झाली ती चिठ्ठ्यांतून. तिची पहिली चिठ्ठी अशी होती: 'केळ्याचं साल सापडलं. तुमचंच असणार. मी केळी खात नाही.' दुसरी: 'आजही सापडलं. काही काळजीत आहात का?'

समाजसेवक माणूस सालावरूनही चौकशी करतो, हे मला तेव्हा कळलं.

अर्मा दक्षिणेकडच्या एका मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या, खेड्यातली, सात भावंडांतली पाचवी. शहरात आली ती इस्पितळात आयाचं काम करायला. संध्याकाळच्या वर्गांतून पदवी घेतली आणि मग त्याच इस्पितळात सव्वीस वर्षं समाजसेविका म्हणून काढली. काम एकच: बऱ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून उठवून कुठे पाठवायचं ते ठरवणं. डॉक्टर म्हणत, आज पाठवा. मुलगा म्हणे, सोमवारी बघू. म्हातारी म्हणे, मी कुठे जात नाही, इथलं सूप बरं असतं. ह्या तिघांच्या मधे अर्मा सव्वीस वर्षं उभी राहिली, आणि निवृत्त झाल्यावर उरलेला वेळ ह्या एका विषयाला दिला.

तिची शिकवायची पद्धत विद्यापीठाच्या कुठल्याही कागदात बसत नाही. पहिल्याच आठवड्यात ती वर्गाला रेल्वेरुळांपलीकडच्या युक्रेनियन हॉलमध्ये, तिथल्या युक्रेनी लोकांच्या समाजमंदिरात, पाठवते. तिथे दुपारी पंचवीस-तीस म्हातारी माणसं पत्ते खेळत बसलेली असतात. नियम एकच. तीन आठवडे कुणालाही मदत करायची नाही. कोट घालायला हात द्यायचा नाही, फॉर्म भरून द्यायचा नाही, कसं वाटतंय ते विचारायचं नाही. पत्ते खेळायचे आणि हरायचं. मुद्दाम हरायची गरज पडत नाही, ती मंडळी साठ वर्षं खेळताहेत. जगाचं भलं करायला निघालेल्या पोरांना हे तीन आठवडे फार जड जातात. दरवर्षी एकदोघं रडतात. अर्मा त्यांना सांगते, "आता जरा तयार झालात."

तर हा विषय शिकवण्यासाठी दर एप्रिलमध्ये अर्माला अर्ज करावा लागतो. सोबत 'मला या विषयात रस का आहे' ह्यावर तीनशे शब्द. मग मुलाखत. विभागप्रमुख डॉ. बायरन हॅडो हा अर्माचाच जुना विद्यार्थी. तिने त्याला 'सी' श्रेणी दिली होती. तरी तोही दरवर्षी नियमाप्रमाणे विचारतो, "ह्या पदासाठी तुम्ही स्वतःला योग्य का समजता?"

"बायरन, तू माझ्या तासाला झोपायचास तेव्हा मी तुला कधी उठवलं का?"

"नाही."

"लिही मग. संयम: भरपूर."

हा सगळा खेळ अर्मा मुकाट्याने खेळायची ते ज्येष्ठतेपोटी. आमच्या सेवाकरारात एक कलम आहे. अर्धवेळ माणसाने एखाद्या वर्षी आपला विषय शिकवला नाही, कारण काहीही असो, तर त्याची ज्येष्ठता शून्यावर येते, आणि विषय जाहिरातीला खुला होतो. सोळा वर्षांचं शून्य व्हायला पानगळीचं एक सत्र पुरतं. आणि तो विषय जाहिरातीत गेला, तर पत्त्यांचा हॉल, ते तीन आठवडे, रडणं, सगळं जाऊन त्या जागी फळ्यावर दाखवायची चित्रं येणार, हे अर्माला पक्कं माहीत होतं. तशी चित्रं तयार असलेले दोन उमेदवार कॉफीच्या मशीनपाशी तिला अगदी आदराने दार उघडून देत असत.

गेल्या वर्षी सप्टेंबरात अर्माच्या तासाच्याच वेळेला 'समाजकार्यातील नेतृत्व आणि नवोन्मेष' हा नवा विषय लागला. त्यात परीक्षा नव्हती आणि बाहेर कुठे जायचं नव्हतं. सेहेचाळीस मुलं तिकडे गेली.

विभागाची सचिव ग्लेनिस. विभागात जे काही घडतं ते ग्लेनिसच्या टेबलावर घडतं, बाकीच्यांना नंतर कळवतात. बुधवारी तिने अर्माला बोलावून घेतलं. मी शेजारी उभा राहून तिच्या वाटीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या खात होतो.

"अर्मा, अकरा आहेत."

"गेल्या वर्षी तेरा होते."

"गेल्या वर्षीचं मला काय सांगतेस बाई, कंप्यूटरला सांग. शुक्रवारी साडेचारला तो मोजणार. बारा नसले की गेलं."

"हॉलमधल्या कुणाचं नाव घालू? पासष्टच्या वर फी माफ असते ना?"

"ते श्रोते म्हणून बसतात. श्रोते मोजत नाहीत."

"म्हणजे वृद्धांसोबत गटकार्याच्या वर्गात वृद्ध धरायचे नाहीत."

"माझ्यावर कशाला डाफरतेस? मी केलाय का नियम? ए ऑरेस्ट, तू पुरे कर त्या गोळ्या."

अर्मा घरी गेली आणि तिने सेवाकरार वाचायला घेतला. एकशे अठरा पानं. युनियनने तो छापून सगळ्यांना वाटला होता. मी माझ्या प्रतीवर खिडकीतलं झाड ठेवलं आहे. अर्माने दोन दिवसांत तो शेवटपर्यंत वाचला, आणि शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी ती ग्लेनिसपुढे एक फॉर्म घेऊन उभी राहिली. कलम एकतीस: अर्धवेळ अधिव्याख्यात्यास प्रत्येक सत्रात कोणताही एक विषय विद्यार्थी म्हणून विनाशुल्क घेता येईल.

"कोणताही," अर्मा म्हणाली.

ग्लेनिसने फॉर्म वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "तुझी पदवी दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. विषयशिक्षकाची परवानगी लागेल."

"मागे आहे."

मागे होती. 'शिक्षकांचे मत: विद्यार्थिनीला विषयाची बऱ्यापैकी माहिती आहे. चिकाटी आहे. अक्षर वाईट.' खाली सही.

"दोन्हीकडच्या सह्या सारख्या आहेत गं."

"वेगळ्या केल्या असत्या तर ती लबाडी झाली असती."

चार वाजून सव्वीस मिनिटांनी कंप्यूटरमध्ये बारावं नाव चढलं. कंप्यूटरने कसलीही शंका काढली नाही.

सोमवारी हॅडोसाहेबांनी तिला बोलावलं. मलाही बोलावलं, कारण सोमवार असल्यामुळे इमारतीत मीच होतो.

"अर्मा, ह्यात काहीतरी चूक आहे," हॅडो म्हणाला. "पण कोणती ते सापडत नाहीये. मी शुक्रवारपासून शोधतोय."

"सापडली की सांग."

"म्हणजे असं बघा, तुम्ही स्वतःलाच शिकवणार?"

"सोळा वर्षं करतेच आहे. आतापर्यंत नोंद नव्हती, एवढंच."

"आणि स्वतःचे पेपर स्वतः तपासणार? हितसंबंधांचा प्रश्न येतो."

"येतो," अर्माने लगेच मान्य केलं. "तो मी अर्जातच लिहिलाय. दुसरा तपासनीस द्या."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मला ह्या विषयातलं काही कळत नाही. हॅडो म्हणाला, मग तर फारच छान, तुमच्यावर पक्षपाताचा आरोप येणार नाही. असा मी अर्मा लेप्की ह्या एका विद्यार्थिनीपुरता तपासनीस झालो. तसं पत्र आहे माझ्याकडे. कामाची जागा लागू नाही असं त्यातही लिहिलंय.

इथून पुढे अर्माचं नशीब उघडलं, ह्याचा तिला सर्वांत जास्त राग आला. अधिव्याख्याता म्हणून तिला सोळा वर्षांत जे मिळालं नव्हतं ते विद्यार्थिनी म्हणून पंधरा दिवसांत मिळालं. ग्रंथालयातून एका वेळी चाळीस पुस्तकं. बसचा पास. पोहण्याच्या तलावाची किल्ली. आणि विद्यार्थी संघटनेचा दातांचा विमा. खालची डावी दाढ चार वर्षं सांभाळत ती एका बाजूने जेवत होती. दंतवैद्याने तोंडात आरसा घालून गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "कितव्या वर्षाला?" अर्मा म्हणाली, "सोळाव्या." तो म्हणाला, "होईल, होईल पूर्ण. धीर सोडू नका."

शिवाय विद्यार्थ्यांच्या सोडतीत तिला गाडीसाठी खांबावर प्लग असलेली जागा लागली. बाहेर उणे तीस असताना ज्याच्या गाडीच्या इंजिनाला दिवसभर वीज मिळते तो माणूस आमच्याकडे सुखी समजला जातो. मी नऊ वर्षं प्लगविना गाडी लावतोय.

वर्गात तिने स्वतःची हजेरी घ्यायची की नाही, हा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी सोडवला. बाराव्या खुर्चीवर कोट ठेवायचा. जोडीने करायच्या कामाची वेळ आली की बाकीच्या दहा जणांच्या पाच जोड्या व्हायच्या आणि उरायची ती टेरी-लिन. मग अर्मा कोट उचलून त्या खुर्चीत बसायची.

ही टेरी-लिन चोपन्न वर्षांची. बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. पदवीला तिला हा एकच विषय कमी होता, आणि तो मिळाला की वृद्धाश्रमातली नोकरी तिची ठरलेली होती. नवोन्मेषाच्या वर्गात घातलं तर ती नोकरी गेलीच, कारण आश्रमाच्या पत्रात 'वृद्धांसोबत गटकार्य' असं नाव घालून मागितलं होतं. बसमध्ये पन्नास पोरांना मागे न बघता गप्प बसवायची सवय असल्यामुळे टेरी-लिन कुणाशीही सारख्याच आवाजात बोलते. टेबलामागे उभ्या असलेल्या अर्माला ती मान द्यायची. खुर्चीतल्या अर्माला नाही.

"तुला सांगते अर्मा, ह्या बाई एक गोष्ट तीनदा सांगतात."

"मुलांना पहिल्यांदा कळत नाही म्हणून सांगत असतील."

"पहिल्यांदाच कळतं. दुसऱ्यांदा कंटाळा येतो. तिसऱ्यांदा शंका येते की पहिल्यांदा कळलं ते बरोबर होतं का."

अर्माने हे वहीत लिहून घेतलं. विद्यार्थिनीच्या वहीत की शिक्षिकेच्या, ते मला माहीत नाही.

आता खरी अडचण सांगतो. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पहिलं काम द्यायचं होतं. ते म्हणजे आधार-नकाशा. कागदाच्या मधोमध एक वर्तुळ, त्यात आपण. भोवती आपली माणसं, आणि मधे बाण. आपण ज्याला आधार देतो त्याच्याकडे जाणारा बाण, ज्याच्याकडून आपल्याला मिळतो त्याच्याकडून येणारा. बस एवढंच. अर्माने सोळा वर्षांत असे दोनशेच्या वर नकाशे तपासले असतील. अकरा विद्यार्थ्यांनी वेळेवर दिले. बाराव्या विद्यार्थिनीने दिला नाही.

तिला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे. एका रविवारी बसली, पुढच्या रविवारी बसली. दोन्ही वेळा मधलं वर्तुळ काढून झालं.

विद्यापीठात 'लवकर इशारा' नावाची यंत्रणा आहे. एखाद्याने काम दिलं नाही की त्याच्या शिक्षकाला आपोआप पत्र जातं: आपली विद्यार्थिनी लेप्की, अर्मा के., धोक्यात आहे, कृपया तिला भेटा आणि फॉर्म भरा. त्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं की एकतीस ऑक्टोबरपर्यंत काम आलं नाही तर विद्यार्थ्याचं नाव यादीतून निघेल व वर्गाची संख्या पुन्हा मोजली जाईल. संख्या बाराच्या खाली गेल्यास वर्ग गुंडाळून उरलेल्यांना समकालीन वर्गात सामावून घेतलं जाईल. समकालीन म्हणजे नवोन्मेष.

अर्माने भेट घेतली. मी छत्री विसरलो म्हणून मंगळवारी खोलीवर गेलो तर ती टेबलाशी एकटी बसलेली, समोर फॉर्म, समोरची खुर्ची रिकामी.

"काय चाललंय?"

"भेट चाललीय. बाहेर थांब."

"किती वेळ?"

"नियम चाळीस मिनिटांचा आहे. एकवीस झाली. सव्वीस वर्षांत मी एकही भेट खोटी लिहिलेली नाही ऑरेस्ट, आता लिहिणार नाही."

मी बाहेर थांबलो. छत्री आत राहिली होती म्हणून थांबलो. तो फॉर्म मी पुढे तपासनीस म्हणून पाहिला. 'विद्यार्थ्याने सांगितलेली अडचण: वेळ मिळत नाही. शिक्षकाचे निरीक्षण: कारण पटण्यासारखे नाही. पुढील उपाय: विद्यार्थिनीने बसावे.'

अठ्ठावीस तारखेला माझ्या ड्रॉवरमध्ये नकाशा आला. सुंदर काढलेला, पट्टी लावून. भोवती सतरा माणसं. कारमनला राहणारा भाऊ कॉर्नी, त्याच्या गोळ्या ती दर शनिवारी डबीत वारांप्रमाणे भरून ठेवते. शेजारची बाई, तिचा कुत्रा फिरवते. चर्चमधली मंडळी, त्यांच्यासाठी सूप करते. हॉलमधली नऊ माणसं. टेरी-लिन. सतराच्या सतरा बाण मधल्या वर्तुळातून बाहेर जाणारे. आत येणारा एकही नाही. सूर्य काढतात तसा दिसत होता तो कागद.

मला ह्या विषयातलं कळत नाही, पण बाण मोजता येतात. मी तिच्याच सूचनांची पानं काढून वाचली आणि वर लिहिलं: अपूर्ण.

बुधवारी ती आली. तिचा वार नसताना आली.

"तू मला नापास केलंस."

"अपूर्ण म्हटलंय. नापास नाही म्हटलेलं."

"बाणांसाठी?"

"पान तीन. तूच लिहिलंयस. 'येणारा एकही बाण नसेल तर नकाशा काढणाऱ्याने पुन्हा बसावे.'"

"ते विद्यार्थ्यांसाठी आहे."

"मग तू कोण आहेस?"

तिने कोटाची बटणं लावली, वरची, मग खालची, मग चुकली म्हणून पुन्हा काढली. "उद्या एकतीस आहे," ती म्हणाली. "साडेचारला मोजतील. टेरी-लिनची नोकरी आहे ह्यात. माझी सोळा वर्षं आहेत. आणि तुला बाण हवेत."

"मला काही नको. पान तीनला हवेत."

दारापर्यंत गेली आणि वळली. "शेरा हिरव्या शाईने लिहीत जा. लाल शाईने माणूस खचतो." आणि गेली.

खरं सांगायचं तर मी तो नकाशा तसाच मंजूर करून टाकायला हरकत नव्हती. कुणी विचारलं नसतं. त्या रात्री मला तसं वाटलंही. पण मग तिने मला आयुष्यभर विचारलं असतं, आणि चिठ्ठ्यांतून विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला जोडीदाराचा नकाशा तपासायचा होता. मी तिथे नव्हतो, पण टेरी-लिन काही सांगते तेव्हा तिथे असण्याची गरज राहत नाही. तिने नकाशा हातात घेतला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"हा काय नकाशा आहे? दुकानाची यादी आहे. सगळ्यांना तू पोचवतेस. तुला कोण काय देतं?"

"मला काही लागत नाही गं."

"असं कोण म्हणतं ठाऊक आहे? हॉलमधले ऐंशीच्या वरचे. आणि बाईंनी आपल्याला काय सांगितलंय? तीनदा? जो म्हणतो मला काही लागत नाही, त्याच्या फ्रिजमध्ये आधी बघा."

"माझ्या फ्रिजमध्ये सगळं आहे."

"काय आहे?"

"सॉसेज आहे. कॉर्नी पाठवतो, डुक्कर कापलं की."

"काढ बाण."

"तो आपला दरवर्षीच पाठवतो."

"काढ म्हणते ना! आणि गेल्या गुरुवारी बर्फावरून तुला हाताला धरून गाडीपर्यंत कोणी नेलं? की मी ट्रॅफिक नियमनासाठी उभी होते?"

अर्माने तिथे बाण काढला. मग पेन्सिल थांबली. मग आणखी एक काढला, मग खोडरबर मागितलं, कारण बाहेर जाणाऱ्या बाणांनी जागाच ठेवली नव्हती.

चार वाजून अकरा मिनिटांनी तिने नकाशा माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. गुरुवार असूनही मी आलो होतो. पट्टी लावलेली नव्हती, कागद खोडून खोडून मळला होता. कॉर्नीचं सॉसेज. टेरी-लिन, बर्फ. हॉलमधल्या वसिलिनाबाई: 'महिन्यातून एकदा मला जिंकू देतात. मला वाटत होतं मी जिंकते.' दंतवैद्य. आणि अगदी कडेला, बारीक अक्षरात: 'ऑरेस्ट, २१८-ब. मंगळवारी खोली गरम असते.'

ह्याचा खुलासा करायला हवा. आमची खोली तापवणारा पाइप गरम व्हायला एक दिवस घेतो. सोमवारी आणि बुधवारी मी आल्या आल्या त्याची चावी उघडतो, स्वतःसाठी. जाताना ती बंद करायची असते. ते मी विसरतो. नऊ वर्षं विसरतोय. पण समोर बाण होता, दिशा बरोबर होती, आणि तपासनिसाने कागदावर जे आहे ते तपासायचं असतं. मी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. हिरव्या शाईने.

"श्रेणी?" तिने खिडकीकडे बघतच विचारलं.

"बी."

"ए का नाही?"

"अक्षर."

चार वाजून तेवीस मिनिटांनी ग्लेनिसने ती श्रेणी कंप्यूटरवर चढवली. साडेचारला कंप्यूटरने मोजलं. बारा. ग्लेनिसने पेपरमिंटची वाटी पुढे सरकवली आणि मला म्हणाली, "घे मेल्या, आज घे."

सत्र पार पडलं. सत्राअखेर विद्यार्थी शिक्षकांबद्दल निनावी मतं देतात. बारा मतांपैकी अकरा कौतुकाची होती. एकाने लिहिलं होतं की शिक्षिका एकच गोष्ट तीनदा सांगतात आणि विद्यार्थ्यांच्या अडचणींबाबत कठोर आहेत. टेरी-लिन शपथेवर सांगते की ते तिचं नाही. तिला वृद्धाश्रमात नोकरी लागली. तिथल्या मंडळींना ती बसमधल्या आवाजातच हाक मारते, आणि ऐकू येतं म्हणून ती त्यांना आवडते.

गेल्या एप्रिलमध्ये मात्र अर्माच्या मुलाखतीला हॅडोचा चेहरा पडलेला होता. वरून नवा नियम आला होता: जो विषय शिकवायचा तो विषय, त्याच नावाने, विद्यापीठात रीतसर शिकून उत्तीर्ण झालेलं असलं पाहिजे. अर्माच्या काळी हा विषयच नव्हता. तो तिनेच तयार केला होता. चित्रं तयार असलेल्या दोघांनीही तो कधी घेतलेला नव्हता, त्यांना त्याची आवड नव्हती. हॅडोने अडखळत नियम वाचून दाखवला, मग सवयीने तिचं गुणपत्रक उघडलं, आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला.

"अर्मा, तुम्ही उत्तीर्ण आहात."

"बी," अर्मा म्हणाली. "तपासनीस कडक होता."

"म्हणजे सगळ्या अर्जदारांत पात्र तुम्ही एकट्याच."

"शिक्षिका कोण होत्या ते लिहायचं असतं का कुठे?"

"नसतं," हॅडो म्हणाला आणि सही केली.

तर आता सतरावं वर्ष. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, माझा वार नसताना, चार वाजता मी दोनशे अठरा-बमध्ये आलो तेव्हा टेबलावर एकशे अठरा पानांचा करार उघडा पडला होता, माझी प्रत, वरचं झाड जमिनीवर ठेवलेलं. कलम एकतीसवर पेपरमिंटची एक गोळी. शेजारी चिठ्ठी: 'अकरा आहेत. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा घेता येत नाही, मी विचारलं. तू कधी घेतलेला नाहीस.'

समाजकार्य ३२४०, वृद्धांसोबत गटकार्य. नावनोंदणी: बारा. त्यातला बारावा मी आहे, आणि गेले तीन आठवडे युक्रेनियन हॉलमध्ये पत्त्यांत हरतो आहे.